मातांचें पेन्शन आणि मुलांचें आयुष्य

अमेरिकेंतील शिकागो शहरांत १८९९ सालीं केवळ मुलांसाठीं म्हणून एक निराळें न्यायालय स्थापन झालें. त्या जातीचें जगांतील तें पहिलेंच. त्याच्यापुढें उनाड व उचल्या पोरांचे खटले येत, तसे निराधार मुलांचेहि येत. निराधार म्हणजे आईबाप दोन्ही नसलेलीं एवढाच अर्थ नव्हे. बाप कारखान्यांत यंत्राखालीं सांपडला, अगर रेल्वेच्या रुळांवर मेला, अगर क्षयानें गेला. आई जिवंत आहे, मुलांवर जीव टाकणारी आहे, परंतु घरांत दोन वेळां चूल पेटत नाहीं. अशीं मुलेंहि त्याच सदरांत पडत. अशा प्रसंगीं न्यायाधीशास कायद्यानें काय करतां येई? मुलें आईपासून काढून घेऊन अनाथालयांत पाठवितां येत, आणि त्यांच्या पोषणाबद्दल त्या संस्थेस सरकारी तिजोरींतून पैसाहि देतां येई. मात्र तोच पैसा त्या मुलांच्या आईच्या हातावर ठेवण्याचा अधिकार त्यास नव्हता. परक्यानें सांभाळलें तर खर्च मंजूर. जन्मदात्रीनें सांभाळलें तर दमडी नाहीं. ह्या न्यायासनावर पुढें बसलेले मेरिट पिंकनी ह्यांस हा प्रकार रोजच्या रोज पाहावा लागे, व मुलांस आईच्या कुशींतून ओढून नेतांना होणारा आकांतहि ऐकावा लागे.

गरीब घरांत रोख पैसा गेला तर तेथील लहान मुलें अधिक निरोगी होतात काय, अधिक जगतात काय, हा प्रश्न आज सर्व जगांत चर्चिला जात आहे. त्याचा एक जुना आणि बराच भरंवशाचा दाखला शिकागोसारख्या ठिकाणच्या सरकारी दप्तरांत पडून होता. तो बाहेर यावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. त्याचीच ही हकीकत आहे.

विधवेची त्या वेळची स्थिति प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. कामावर मेलेल्या मजुराच्या कुटुंबास नुकसानभरपाई देण्याचे कायदे तेव्हां नुकतेच कोठें होऊं लागले होते. नवऱ्यामागें राहिलेल्या बाईस करण्यासारखीं कामें ठरलेलीं: लोकांचे कपडे धुणें, रात्रीं कचेऱ्यांच्या फरशा घांसणें, घरीं बसून शिवणकाम करणें. बाहेर काम करावें तर तान्हें मूल शेजारणीच्या किंवा आठ-दहा वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या स्वाधीन. घरीं राहावें तर उपास. ह्या दोन्हींच्या मध्यें सांपडलेल्या कित्येक आया आपण होऊन मुलांस अनाथालयाच्या दारांत नेऊन सोडीत. त्यामुळें अनाथालयांतील पुष्कळ मुलें खरीं अनाथ नव्हतींच.

१९०९ च्या जानेवारींत प्रेसिडेंट थिओडोर रूझवेल्ट ह्यांनीं ह्या विषयावर वॉशिंग्टन येथें एक परिषद बोलाविली. ती कशी जमून आली ही गोष्ट मोठी मौजेची आहे. ‘डिलिनिएटर’ नांवाचें, बायकांच्या पोषाखाचे नमुने छापणारें एक मासिक होतें. त्याचे संपादक त्या वेळीं थिओडोर ड्रायझर हे कादंबरीकार होते. ह्या मासिकानें निराश्रित मुलांस घर मिळवून देण्याची चळवळ चालविली, आणि त्या कामीं जेम्स वेस्ट ह्या तरुण वकिलाचें साहाय्य झालें. वेस्ट स्वतः अनाथालयांत वाढलेला. लहानपणीं क्षयानें खुब्याचें हाड बिघडल्यामुळें जन्माचा लंगडा झालेला. त्यानें रूझवेल्टकडे धरणें धरलें, आणि परिषद भरली. त्या वेळीं अनाथालयांत व बालगृहांत मिळून सुमारे ९३,००० मुलें असून आणखी ५०,००० मुलें परक्या कुटुंबांत ठेवलेलीं आहेत, असा आंकडा रूझवेल्टनें दिला. केवळ दारिद्र्यामुळें कोणाहि मुलास त्याच्या घरापासून तोडूं नये, असा ठराव परिषदेनें केला. सभांच्या ठरावांत खर्च कोणी करावा हें लिहावयाचें बहुधा राहून जातें. येथें तें राहिलें नाहीं. परंतु मदत शक्य तों खासगी धर्मादायांतून व्हावी, सरकारी पैशांतून नव्हे, असें सुचवून परिषदेनें आपल्याच ठरावाचा अर्धा जीव काढून घेतला.

उरलेला अर्धा जीव बायकांनीं वांचविला. पंडिता रमाबाई १८८६ पासून १८८८ पर्यंत अमेरिकेंत राहून आल्या. त्यांचें ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हें पुस्तक १८८९ सालीं प्रसिद्ध झालें. तिकडील स्त्रियांच्या मंडळ्या किती शिस्तीनें व किती चिकाटीनें काम करितात ह्याचें वर्णन मराठी वाचकांस त्यांत प्रथम वाचावयास मिळालें. रमाबाईंनीं पाहिलेला तो पसारा पुढील वीस वर्षांत कितीतरी वाढला होता. मतदानाचा हक्क बहुतेक राज्यांत बायकांस अद्याप नव्हता. तरी मातांच्या परिषदेच्या शाखा आणि स्त्रियांच्या क्लबांचे संघ गांवोगांवीं होते. त्यांनीं राज्याराज्यांच्या कायदेमंडळांवर अर्जांचा पाऊस पाडला. शिपायास लढाईबद्दल पेन्शन मिळतें, मग राष्ट्राचीं मुलें वाढविणाऱ्या आईस कां मिळूं नये, असें त्यांचें म्हणणें होतें. म्हणूनच ह्या मदतीस भिक्षा किंवा धर्म न म्हणतां ‘मातांचें पेन्शन’ हें नांव पडलें. माधुकरी मागून शिकलेल्या पिढ्या ज्या समाजांत होऊन गेल्या, त्यास नांवांतील हा भेद समजावून सांगण्याचें कारण नाहीं. घास तोच असतो. परंतु तो हक्कानें मिळाला कीं दयेनें, हें गिळणाराच्या घशास कळतें.

१९११ सालीं मिसुरी राज्यानें कॅन्सस सिटी ज्या काउंटींत आहे तेवढ्यापुरता असा कायदा केला; त्याच वर्षीं जून महिन्यांत इलिनॉय राज्यानें तो सर्व राज्यास लागू केला. शिकागोच्या न्यायाधीशाची अडचण अशा रीतीनें दूर झाली. त्यानंतर ह्या कायद्याचा वणवाच पसरला. १९२० पर्यंत चाळीस राज्यांत, आणि १९३५ पर्यंत अठ्ठेचाळिसांपैकीं शेहेचाळीस राज्यांत तो झाला.

विरोध झालाच नाहीं असें नव्हे. तो करणारांत निर्दय माणसें नव्हतीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. मेरी रिचमंड, एडवर्ड डिव्हाइन हीं गरिबांच्या सेवेंत जन्म घालविलेलीं मंडळी ह्या योजनेच्या विरुद्ध उभीं राहिलीं. रोख पैसा हातीं आला कीं तो नको त्या ठिकाणीं जाईल. नातेवाईक आपली जबाबदारी झटकतील. सरकारी मदतीची एकदां चटक लागली कीं ती पिढ्यान्‌पिढ्या सुटणार नाहीं. गरिबास पैशापेक्षां शहाण्या माणसाचा सल्ला व देखरेख अधिक उपयोगी, असें त्यांस मनापासून वाटे. उलट पक्षाकडेहि कळकळ होती. पण आईच्या हातीं दिलेल्या पैशाचें मुलाच्या शरीरांत काय होतें, हें दोहोंपैकीं कोणीहि मोजलें नव्हतें.

मोजण्याच्या दिशेनें पहिलें पाऊल एका बाईनें टाकलें. १९१२ सालीं अमेरिकन सरकारनें बालकांसंबंधीं चौकशी करणारें ‘चिल्ड्रेन्स ब्यूरो’ हें खातें काढलें, व त्याच्या मुख्य जागीं ज्यूलिया लॅथ्रॉप ह्यांस नेमलें. अमेरिकेंत संघसरकारच्या एखाद्या ब्यूरोच्या प्रमुखपदीं बसलेली ही पहिली स्त्री. सबंध राष्ट्रांतील मुलांची काळजी वाहण्यासाठीं तिला वर्षाला मिळाले २५,६४० डॉलर. एवढ्या तुटपुंज्या पैशांत काय करावें? तिनें एकच प्रश्न निवडला: मुलें पहिल्या वर्षांत कां मरतात? आणि त्यासाठीं पेनसिल्व्हेनियांतील जॉन्सटाउन हें एकच गांव निवडलें.

जॉन्सटाउन हें पोलादाच्या कारखान्यांचें गांव. १८८९ सालीं धरण फुटून दोन हजारांवर माणसें तेथें वाहून गेलीं होतीं, आणि त्या पुरामुळेंच त्याचें नांव जगांत झालें होतें. लॅथ्रॉपनें पाठविलेल्या स्त्रिया १९१३ सालीं त्या गांवांत उतरल्या, आणि १९११ सालीं जन्मलेल्या सुमारे दीड हजार मुलांच्या आयांकडे घरोघर गेल्या. मूल जिवंत आहे कीं गेलें? गेलें असल्यास कितव्या महिन्यांत? अंगावर पाजलें कीं बाटलीनें? घरांत नळ आहे कीं पाणी बाहेरून आणावें लागतें? बाळंतपणानंतर आई कितव्या दिवशीं कामास लागली? आणि सर्वांत नाजूक प्रश्न, बापाची मिळकत काय? उत्तर देण्याची सक्ति कोणावर नव्हती; तरी आयांनीं दारें लावून घेतलीं नाहींत. सरकारकडून कोणी बाई येऊन आपल्या मेलेल्या बाळाची विचारपूस करते, ही गोष्ट त्यांपैकीं कित्येकींस नवीन होती.

त्या गांवांत हजारांत १३४ मुलें पहिला वाढदिवस पाहत नव्हतीं. परंतु वुडव्हेल नांवाच्या मजुरांच्या वस्तींत हाच आंकडा २७१ होता. म्हणजे चार पाळण्यांपैकीं एकाहून अधिक पाळणे वर्षाच्या आंत रिकामे होत. पुढें हीच पाहणी आणखी सात शहरांत झाली, आणि आठहि शहरांचा एकत्रित हिशेब १९२५ सालीं प्रसिद्ध झाला. बापाची वार्षिक मिळकत ४५० डॉलरांहून कमी असलेल्या घरांत हजारीं सुमारे १६७ अर्भकें मरत. १,२५० डॉलर किंवा अधिक असलेल्या घरांत सुमारे ५९. मधल्या पायऱ्यांवर मिळकत वाढत जाई तसतसे मृत्यु सामान्यतः कमी होत जात.

पैसा आणि बाळाचा श्वास ह्यांचा संबंध कसा पोहोंचतो हेंहि ह्या पाहण्यांवरून दिसून आलें. घरांत पैसा नाहीं म्हणून आई लौकर कामावर जाते. ती गेली कीं अंगावरचें दूध तुटतें. दूध तुटलें कीं बाटली येते. त्या काळचें बाजारचें दूध म्हणजे काय चीज होती, हें सांगितलें पाहिजे. तें पुष्कळ ठिकाणीं न तापविलेलें, कित्येकदां पाणी घातलेलें, आणि उन्हाळ्यांत गरिबाच्या घरीं पोहोंचेपर्यंत नासत आलेलें असे. त्यामुळें उन्हाळ्यांतील अतिसार हा बाळांचा काळ होता. खोल्या कोंदट, एका बिछान्यावर चार माणसें, पाणी अंगणापलीकडे. मग बाळाचे कपडे व बाटली वरचेवर धुवावयाची कोणीं? शिवाय भाडें थकलें कीं आणखी वाईट खोलींत जावें लागे.

श्रोत्यांपैकीं चिकित्सक मंडळींस येथें शंका येईल, आणि ती त्या वेळच्या टीकाकारांसहि आली होती. कमी मिळकत व मुलांचे मृत्यु हीं एकत्र नांदतात, एवढ्यावरून मिळकत वाढविली तर मृत्यु टळतील असें ठरत नाहीं. ज्या घरांत पैसा कमी त्या घरांत शिक्षण कमी, जागा वाईट, बापाची प्रकृतिहि कदाचित् वाईट. मग दोष पैशाच्या अभावाचा कीं इतर गोष्टींचा? हें ठरवावयाचें तर सारख्याच गरीब अशा दोन घरांपैकीं एकांत पैसा द्यावा, दुसऱ्यांत देऊं नये, आणि मुलें मोठीं होईपर्यंत थांबावें. असा प्रयोग करण्याची कल्पना तेव्हां कोणाच्या मनांत आली असती तर लोकांनीं त्यास क्रूर म्हटलें असतें. आणि तरी हाच प्रयोग, प्रयोग म्हणून नव्हे तर कारकुनी म्हणून, देशभर चालूं होता.

कारण पेन्शनच्या कायद्याखालीं अर्ज करणाऱ्या प्रत्येक बाईला पेन्शन मिळत नसे. अर्ज आला कीं चौकशी करणारी बाई घरीं येई. घर स्वच्छ आहे काय, आई दारू पिते काय, परक्या पुरुषास भाडेकरू म्हणून ठेविलें आहे काय, मुलें शाळेंत जातात काय, चर्चमध्यें जातात काय, भाऊ-दीर मदत करण्याजोगे आहेत काय, बँकेंत कांहीं शिल्लक आहे काय, ही सारी झडती होई. आई ‘योग्य’ ठरली पाहिजे. शिकागोंत तर कोर्टानें आहाराचें ज्ञान असलेली एक बाई नेमली होती. कोणत्या वयाच्या मुलास किती दूध व किती पाव लागतो, त्याचा खर्च किती, हें ती हिशेबानें ठरवी, आणि आईनें त्याप्रमाणें जमाखर्च लिहून दाखवावा लागे. ह्या देखरेखींत चांगलें कांहींच नव्हतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. पुष्कळ मुलांचें दुखणें तिच्यामुळें वेळेवर ध्यानांत आलें असेल. परंतु ज्यास हक्क म्हणावयाचें तें ओटी झाडून दाखविल्यावांचून मिळूं नये, हें त्या सुंदर नांवास शोभणारें नव्हतें खास.

रक्कमहि बेताचीच. इलिनॉय राज्यानें १९१३ सालीं कायदा आवळला, तेव्हां पहिल्या मुलास महिना १५ डॉलर व पुढील प्रत्येकास १० डॉलर अशी मर्यादा घातली, आणि अमेरिकेचें नागरिकत्व नसलेल्या विधवांस यादींतून काढून टाकलें. शिकागो हें परदेशांतून आलेल्या मजुरांचें शहर असल्यामुळें ही कुऱ्हाड नेमकी गरजूंवर पडली. काळ्या वर्णाच्या आयांच्या वांट्यास तर ह्या कायद्यांतून जवळजवळ कांहींच आलें नाहीं. १९३१ सालीं सबंध देशांत सुमारे ९३,००० कुटुंबें व अडीच लाख मुलें ह्या पेन्शनवर होतीं. त्यांत नीग्रो कुटुंबें शेंकडा तीन. दक्षिणेंतील कित्येक काउंटींत त्यांस हें पेन्शन मुळींच मिळत नसे. ‘योग्य आई’ ह्या दोन शब्दांत किती कांहीं दडवितां येतें, ह्याचा हा नमुना होय.

१९१५ सालीं अमेरिकेच्या ज्या भागांत जन्माची नोंद नीट होई, तेथें हजारीं शंभर अर्भकें मरत. १९३५ सालीं सबंध देशांत छप्पन्न. पेन्शनचे पुरस्कर्ते हा आंकडा पुढें करीत तर तें चुकीचें झालें असतें. दूध तापवून विकण्याचे नियम झाले, नळाचें पाणी शुद्ध होऊं लागलें, परिचारिका घरोघर जाऊं लागल्या. ह्या सर्वांचें फळ त्या आंकड्यांत आहे. त्यांतून पेन्शनचा वांटा वेगळा काढणें अशक्य. पुढें मंदीच्या लाटेंत कित्येक काउंटींच्या तिजोऱ्या आटल्या व पेन्शनें बंद पडलीं. तेव्हां १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यानें संघसरकारनें हें काम अंशतः आपल्या अंगावर घेतलें. त्यांतहि मुलांपुरतीच रक्कम धरली होती. मुलांस सांभाळणाऱ्या आईचें पोट हिशेबांत धरलें गेलें तें १९५० सालीं. ह्या मदतीवर पुढें अमेरिकेंत मोठें राजकारण झालें, व १९९६ सालीं ती जुनी व्यवस्था मोडून अटींची व मुदतीची नवी व्यवस्था आली. त्या वादांत दोन्ही पक्ष तेच बोलत होते, जें १९११ सालीं बोलत होते. पैसा वांया जातो. पैसा मुलांस तारतो. पुरावा तेव्हांहि थोडाच होता.

जुन्या काउंट्यांच्या तळघरांत मात्र त्या वह्या शाबूत होत्या. प्रत्येक ओळींत आईचें नांव, मुलांचीं नांवें व जन्मतारखा, अर्ज मंजूर कीं नामंजूर, मंजूर असल्यास किती डॉलर व किती महिने, नामंजूर असल्यास कारण. अ‍ॅना आयझर, शारी एली, जोसेफ फेरी व एड्रियाना येरास-म्यूनी ह्या चार अर्थशास्त्रज्ञांनीं अकरा राज्यांतील अशा वह्या मिळविल्या, व १९०० ते १९२५ ह्या काळांत जन्मलेल्या सुमारे १६,००० मुलग्यांचा माग काढण्यास आरंभ केला. हीं मुलें पुढें कोठें गेलीं? खानेसुमारीच्या कागदांत त्यांचें शिक्षण व मिळकत सांपडली. दुसऱ्या महायुद्धांत त्यांपैकीं पुष्कळ सैन्यांत भरती झालीं. भरतीच्या वेळीं प्रत्येकाची उंची व वजन घेतलेलें, तें त्या कागदांत सांपडलें. आणि शेवटीं मृत्यूच्या नोंदींत त्यांच्या आयुष्याची लांबी सांपडली. आईनें अर्ज केला तेव्हां जें पोर तिच्या पदराशीं उभें होतें, तें किती वर्षें जगलें हें शेवटच्या आंकड्यापर्यंत कळलें.

ह्या संशोधनाचा निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आईस पेन्शन मिळालें ते मुलगे, ज्यांच्या आईचा अर्ज फेटाळला गेला त्यांच्यापेक्षां सरासरीनें एक वर्ष अधिक जगले. त्यांचें शिक्षण एका वर्षाच्या तिसऱ्या हिश्शानें अधिक झालें. सैन्याच्या कांट्यावर उभे राहिले तेव्हां त्यांच्यांत हाडकुळे, वजन कमी भरणारे असे थोडे निघाले. मोठेपणीं त्यांची मिळकतहि अधिक होती. आणि हें कशानें? तर कुटुंबाच्या मिळकतीच्या सुमारे आठव्या हिश्शापासून चवथ्या हिश्शापर्यंत भरणारी रक्कम साधारण तीन वर्षें घरांत आली, तेवढ्यानें.

एक वर्ष म्हणजे काय मोठें, असें एखाद्यास वाटेल. पण हें एक वर्ष कोणा एकाचें नव्हे, तें हजारों माणसांच्या सरासरीचें आहे. त्यांत कांहींच्या आयुष्यांत कांहीं फरक पडला नसेल, तर कांहीं जण पन्नाशींत जाते ते सत्तरीपर्यंत पोहोंचले असतील. शिवाय ही तुलना पेन्शनच्या बाजूनें झुकविलेली नाहीं, उलटच आहे. अर्ज फेटाळण्याचें कारण बहुधा हें असे कीं बाईजवळ थोडी मालमत्ता आहे, किंवा तिला दुसऱ्या कोणाचा आधार आहे. म्हणजे नाकारलेलीं कुटुंबें सरासरीनें किंचित् बऱ्या स्थितींतलीं होतीं. तरी त्यांची मुलें मागें पडलीं. ज्या कारकुनानें ‘नामंजूर’ हा शब्द लिहिला त्यास आपण शास्त्राच्या एका प्रयोगाची दुसरी बाजू लिहीत आहों ही कल्पना नव्हती. आणि त्या बाईस तर ती असण्याचें कारणच नाहीं. तिला त्या दिवशीं घरीं जाऊन पोरांस काय घालावें एवढाच प्रश्न होता.

ह्या सुरेख कामांत एक मोठी उणीव आहे, व ती संशोधकांच्या हातची नव्हे. सोळा हजार मुलगे सांपडले. मुली सांपडल्या नाहींत. लग्नानंतर मुलीचें आडनांव बदलतें, आणि आईच्या अर्जावर लिहिलेली मुलगी खानेसुमारीच्या गर्दींत नाहींशी होते. सासरीं गेल्यावर ज्यांचें आडनांव तर काय, कित्येकदां पाळण्यांतलें नांवहि बदलतें, अशा लेकींच्या देशांत ही अडचण कोणासहि चटकन् समजेल. शाळेच्या जुन्या रजिस्टरांतून एखाद्या विद्यार्थ्याचा पत्ता लावतां येतो, विद्यार्थिनीचा लावतां येत नाहीं. तेव्हां त्या घरांतील निम्म्या मुलांवर पेन्शनचा परिणाम काय झाला हें ह्या वह्यांवरून सांगतां येत नाहीं.

एका जुन्या दाखल्यावर सर्व भार टाकूं नये, म्हणून अगदीं अलीकडची एक हकीकत सांगणें अवश्य आहे. शंभर वर्षांपूर्वीं जो प्रयोग क्रूर ठरला असता तो आतां विचारपूर्वक केला गेला. २०१८ सालीं न्यूयॉर्क, न्यू ऑर्लिन्स, ओमाहा आणि मिनियापोलिस–सेंट पॉल ह्या ठिकाणच्या प्रसूतिगृहांत एक हजार गरीब आया निवडण्यास आरंभ झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून कांहींस महिना ३३३ डॉलर व बाकीच्यांस नांवापुरते २० डॉलर देण्याचें ठरलें. अट कोणतीहि नाहीं, झडती नाहीं, ‘योग्य आई’ ठरविणें नाहीं. पैसा कसा खर्चावा हें आईनेंच पाहावयाचें.

ह्याचें फळ मिश्र निघालें. मेरी रिचमंडबाईंची जी भीति होती ती खरी ठरली नाहीं: दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाहीं, मुलांच्या वस्तूंवरचा वाढला, आणि मुलांबरोबर बसून वाचणें-खेळणेंहि वाढलें. मुलें दोन वर्षांचीं होईपर्यंत त्यांच्या ताटांत ताजीं फळें व भाज्या अधिक दिसल्या. परंतु आयांनीं सांगितलेल्या मुलांच्या एकंदर प्रकृतींत फरक दिसला नाहीं. पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास मेंदूच्या हालचालींत कांहीं भेद आढळल्याची बातमी २०२२ सालीं मोठ्या गाजावाजानें आली होती; चौथ्या वर्षीं पाहिलें तों तो भेद राहिला नव्हता, आणि भाषा व वर्तन ह्यांतहि दोन्ही गटांत म्हणण्यासारखें अंतर नव्हतें. ज्यांनीं जॉन्सटाउनचे आंकडे वाचले होते त्यांची निराशा झाली असल्यास नवल नाहीं.

ह्या दोन हकीकती परस्परविरुद्ध आहेत असें म्हणण्याची घाई मात्र कोणी करूं नये. १९१५ सालच्या विधवेच्या घरांत पेन्शनखेरीज सरकारचें दुसरें कांहींच येत नव्हतें. दूध नासकें होतें, औषध नव्हतें, आणि दहा डॉलर हा भूक व अन्न ह्यांमधला फरक होता. २०१८ नंतरच्या गरीब आईस तिच्या सर्व अडचणींसह अन्नाची मदत, मुलांसाठीं सरकारी वैद्यकीय विमा अशा गोष्टी थोड्याबहुत मिळतच होत्या. शिवाय मध्येंच कोरोनाची सांथ आली आणि सरकारनें जवळजवळ सर्वांसच पैसे वांटले. २०२१ सालीं मुलांमागें मिळणारी करसवलत वाढवून ती दरमहा रोखीनें घरोघर धाडली, तेव्हां अमेरिकेंतील बालदारिद्र्य शेंकडा ५.२ वर आलें. सवलत बंद होतांच पुढील वर्षीं तें १२.४ वर गेलें. अशा भरती-ओहोटींत ३३३ डॉलरांचा परिणाम वेगळा पाहणें सोपें नाहीं. आणि आणखी एक गोष्ट आहे. जुन्या पेन्शनचा हिशेब मुलें चार वर्षांचीं असतां कोणी केला नव्हता. तो त्यांच्या मरणानंतर झाला. त्या काळीं एखाद्या तज्ज्ञानें चौथ्या वर्षीं त्यांस तपासलें असतें तर त्यास काय दिसलें असतें, कोण जाणे.

नव्या प्रयोगांतील बाळें २०१८ व २०१९ ह्या सालांत जन्मलेलीं आहेत. त्यांच्या आयांस हा पैसा त्यांच्या वयाच्या सहा वर्षें चार महिन्यांपर्यंत द्यावयाचा, असें शेवटीं ठरलें. त्यांच्या आयुष्याचा हिशेब होण्यास अजून साठ-सत्तर वर्षें लागतील. ह्या वेळच्या नोंदींत मुलीहि आहेत.